आतित्लान तळ्याकाठी स्पॅनिश, माग आणि चूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे माद्रिद-बार्सेलोनाची नावं आधी निघतात. ज्यांना शहरातल्या वर्गापेक्षा एखाद्या गावात, कुणाच्या तरी घरी राहून, सकाळी व्याकरण आणि दुपारी विणकाम किंवा स्वयंपाक असं शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. अशी गावं मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात आहेत, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या पेतेन भागातही आहेत. इथे मात्र ग्वाटेमालातल्या आतित्लान तळ्याकाठच्या सान पेद्रो ला लागुना आणि सान हुआन ला लागुना या दोन शेजारच्या गावांबद्दलच लिहिलं आहे.

ही गावं नेमकी कुठे आहेत?

ग्वाटेमालाच्या पश्चिम डोंगराळ भागात, सोलोला जिल्ह्यात. तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी आहेत. राजधानीहून गाडीने तीन-चार तासांत पानाहाचेलला पोचता येतं. तिथून 'लांचा' म्हणजे प्रवासी होडीने पलीकडच्या काठावर. होडी शक्यतो सकाळची धरा. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि पाणी चांगलंच उसळतं.

सान पेद्रोत भाषाशाळा जास्त, सान हुआनमध्ये विणकरणींच्या सहकारी संस्था जास्त. एका गावातून दुसऱ्या गावात तुक-तुकने, म्हणजे रिक्षाने, दहाएक मिनिटं लागतात. ही तुक-तुक बहुतेक आपल्या बजाजचीच असतात. इतक्या लांब आल्यावर तो ओळखीचा आवाज ऐकून फार बरं वाटतं.

सान पेद्रोच्या धक्क्यांजवळच्या गल्ल्यांत पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी प्रवासी, बार आणि इंग्रजी यांची गर्दी असते. खरंच शिकायला जात असाल तर राहायला वरच्या वस्तीतलं घर मागा, नाहीतर सरळ सान हुआनला राहा.

गावात सगळे स्पॅनिशच बोलतात ना?

बोलतात, पण घरात नाही. या दोन्ही गावांची मातृभाषा त्सुतुहिल आहे. ग्वाटेमालात २२ माया भाषा आहेत, शिवाय शिंका आणि गारिफुना. २००३च्या कायद्याने या भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, पण सरकारी कामकाजाची भाषा स्पॅनिशच राहिली. तळ्याकाठीसुद्धा गावागणिक फरक आहे. सान पेद्रो, सान हुआन आणि सान्तियागो आतित्लानमध्ये त्सुतुहिल, तर पानाहाचेलकडे काक्चिकेल.

त्यामुळे तुम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी स्पॅनिश बहुधा शाळेत शिकलेली असते. हे ऐकून काही जण नाराज होतात, "मग शुद्ध स्पॅनिश कशी येणार?" असं विचारतात. माझं मत अगदी उलट आहे. नवशिक्याला इतकी सावकाश, इतकी सुटी-सुटी आणि स्पष्ट स्पॅनिश दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळते. ज्याने स्वतः दुसरी भाषा कमावलेली असते, त्याला शिकणारा कुठे अडखळतो ते नेमकं ठाऊक असतं. वयस्क बायकांच्या बोलण्यात 'एल' आणि 'ला' यांची अदलाबदल कधी कधी ऐकू येईल. ती मनातल्या मनात नोंदवा, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि चार शब्द त्सुतुहिलचेही शिका. 'माल्त्योश' म्हणजे धन्यवाद. तेवढ्याने घरातल्या आजींचं तुमच्याशी वागणं बदलतं.

दिवस कसा जातो?

बहुतेक शाळांत एका विद्यार्थ्याला एक शिक्षक असतो. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस. वर्ग पुष्कळदा बागेत, तळ्याकडे तोंड करून मांडलेल्या टेबलावर भरतो. राहणं एखाद्या कुटुंबात, जेवण त्यांच्यासोबत. रविवारी साधारण घरचं जेवण नसतं. दुपार मोकळी असते आणि विणकाम-स्वयंपाक तेव्हाच चालतं. काही शाळा ते स्वतः जुळवून देतात, काही ठिकाणी तुम्हाला सहकारी संस्थेत जाऊन ठरवावं लागतं. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण पैसे थेट शिकवणाऱ्या बाईंच्या हातात जातात.

आधी किती स्पॅनिश यायला हवी?

शून्यापासून सुरुवात करणारेही येतात. तरी आकडे, रोजची क्रियापदं आणि वर्तमानकाळ इथूनच शिकून गेलात तर पहिला आठवडा वाया जात नाही.

मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ-ए-इ-ओ-उ यांच्या फार जवळचे आहेत. 'त' आणि 'द' दंत्यच आहेत. 'मे गुस्ता' हे वाक्य इंग्रजीतून शिकणाऱ्यांना उलटंपालटं वाटतं, आपण मात्र 'मला आवडतं' असंच म्हणत आलो आहोत. नामांना लिंग असतं याचंही आपल्याला आश्चर्य नाही. तीनऐवजी दोनच लिंगं सांभाळायची. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे' क्रियापदांशी मात्र झगडावं लागतं. त्याला सवयीशिवाय उपाय नाही.

अजून एक. ग्वाटेमालात मित्रांमध्ये 'वोस' चालतं आणि मोठ्यांशी 'उस्तेद'. पुस्तकातलं 'तू' हे सर्वनाम गावात कमीच कानावर पडतं. घरातल्या, मागावरच्या आणि चुलीजवळच्या सगळ्या मोठ्या माणसांना 'उस्तेद'च म्हणा. एकमेकांना आदरार्थी बोलणाऱ्या नवरा-बायका तिथे सहज आढळतात.

विणकामात नेमकं काय शिकवतात?

'तेलार दे सिंतुरा', म्हणजे कमरेचा माग. या मागाला चौकट नसते. काही काठ्या, दोरी आणि कमरेमागून घ्यायचा एक पट्टा, एवढंच. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधतात, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैलावतो. शरीर हाच मागाचा अर्धा भाग. कापडाची रुंदीही हात किती पसरतात यावर ठरते. म्हणून 'ग्विपिल', म्हणजे तिथल्या बायकांचं पोलकं, दोन-तीन पट्टे जोडून शिवतात. कुठल्या गावचं ग्विपिल आहे हे जाणकार रंग आणि नक्षीवरून ओळखतात.

नवख्यांना आधी ताणा लावायला शिकवतात. लाकडी खुंट्यांच्या पाटीवर सूत इकडून तिकडे गुंडाळायचं, मध्ये धागे एकमेकांवरून नेऊन फुली पाडायची आणि धागे मोजत राहायचं. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि बरेच जण म्हणतात, "ताणा तुम्हीच लावून द्या, आम्ही फक्त विणतो." तसं करू नका. फुली कशासाठी, हे कळल्याशिवाय माग कळत नाही. आणि मोजताना स्पॅनिश आकडे जिभेवर जसे बसतात तसे पाठांतराने बसत नाहीत.

एका आठवड्याच्या दुपारांत अरुंद पट्टा किंवा छोटा रुमाल होतो. गळपट्ट्याला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. जादा बाण्याने, म्हणजे जादा आडव्या धाग्याने, काढलेली नक्षी, म्हणजे 'ब्रोकादो', पुढची पायरी आहे. मन लावून केलेल्या एका ग्विपिलला अनुभवी विणकरणीचे अनेक आठवडे, कधी काही महिने जातात. हे स्वतः पट्टा विणल्यावर असं पटतं की बाजारात किंमत पाडून मागायची इच्छाच उरत नाही. गुडघे आणि कंबर दुखेल, हेही सांगून ठेवते. चटईवर बसून विणायचं असतं. बसणं जमत नसेल तर ठेंगणं स्टूल मागा, त्यात कमीपणा नाही.

नैसर्गिक रंग शिकता येतात का?

हो, आणि त्यासाठी सान हुआनच गाठा. लालसाठी कोचिनिया, म्हणजे निवडुंगावर वाढणारा बारीक किडा, वाळवून कुटलेला. निळ्यासाठी साकातिन्ता नावाचं झुडूप किंवा नीळ. केशरीसाठी आचिओते झाडाच्या बिया, तपकिरीसाठी नारळाचं सोडण. रंग पक्का करायला केळीच्या खुंटाचं पाणी वापरतात. वनस्पती त्याच असल्या तरी पानं ताजी की जुनी, पाणी कुठलं, भांडं कुठलं यावर छटा बदलते. विणकरणी हे वही न उघडता सांगतात. 'इश्काको' हा जन्मजात तपकिरी कापूसही इथे पाहायला मिळतो. त्याला रंग द्यावाच लागत नाही. तो हाताने पिंजून, चातीवर कातून पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका.

पुरुषांना विणकाम शिकवतात का?

बाहेरून आलेल्यांना शिकवतात. गावात मात्र कमरेचा माग बायकांचा आणि स्पॅनिश लोकांनी आणलेला पायाचा माग पुरुषांचा, अशी जुनी वाटणी आहे. पुरुषांना चित्रकलेचाही पर्याय आहे. गावातलं जगणं, कॉफीची तोडणी, बाजार असे विषय तैलरंगात रंगवण्याची परंपरा सान पेद्रोच्या राफाएल गोन्सालेस इ गोन्सालेस यांच्यापासून मानली जाते. आज दोन्ही गावांत चित्रकारांची दुकानवजा घरं आहेत आणि काही जण शिकवतातही.

स्वयंपाकात काय काय शिकायला मिळतं?

सुरुवात तोर्तियापासून. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे. हे 'निश्तामाल'. पहाटे गावातल्या गिरणीवर बायका आणि मुली त्याची पातेली घेऊन रांगेत उभ्या असतात. दळून येतो तो ओला गोळा, 'मासा'.

हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, चुन्याची रीत मागेच ठेवली. पुढे उत्तर इटलीत आणि अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासलं. मेसोअमेरिकेतल्या, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाच्या भागातल्या, बायकांना हे ज्ञान हजारो वर्षं होतं.

भाकरी थापणारा हात इथे लवकर रुळेल, पण एक सवय मोडावी लागेल. भाकरी परातीत थापतो, तोर्तिया हवेतच दोन तळव्यांमध्ये टाळ्या वाजवत फिरवतात. ग्वाटेमालाची तोर्तिया मेक्सिकोपेक्षा लहान आणि जाड असते. ती 'कोमाल'वर, म्हणजे मोठ्या सपाट तव्यावर भाजतात. प्रत्येक जेवणाला ती लागतेच आणि कापडात गुंडाळून टोपलीत येते.

मग पेपियान. भोपळ्याच्या बिया, तीळ, ग्वाके आणि पासा या सुक्या मिरच्या, टोमॅटो, मिल्तोमाते नावाचे सालातले हिरवे आंबट टोमॅटो, कांदा, लसूण, थोडी दालचिनी. सगळं कोमालवर काळसर होईपर्यंत भाजून वाटतात आणि त्या दाट 'रेकादो'मध्ये कोंबडी शिजवतात. होकोन हा त्याचा हिरवा भाऊ, मिल्तोमाते आणि कोथिंबिरीचा. पेपियान, होकोन आणि कोबानकडचं टर्कीचं काकीक या पदार्थांना २००७ मध्ये ग्वाटेमालाने राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. पण तळ्याकाठी जाऊन फक्त हेच शिकलात तर खरं स्थानिक राहून जाईल. 'पातीन' मागा. वाळलेले छोटे मासे टोमॅटोच्या घट्ट रश्शात घालून पानात बांधतात. राजधानीतल्या हॉटेलांत हा सहसा मिळत नाही.

नोव्हेंबरच्या १ तारखेला तिथे असाल तर फियांब्रे चाखा. भाज्या, लोणच्याची चव आणि नाना तऱ्हेचं मांस एकत्र केलेलं हे थंड ताट मृतांच्या स्मरणाच्या दिवशीच करतात.

मी शाकाहारी आहे. उपासमार होईल का?

नाही. काळा घेवडा, तोर्तिया, अंडी, भात, तळलेली केळी, ग्विस्किल हे वेलीवरचं फळभाजीसारखं फळ, चिपिलीनची पानं घातलेले तामालितो (मक्याच्या पिठाचे, पानात बांधून उकडलेले छोटे तामाल), माकुय नावाची पालेभाजी (आपल्या कामोणीची जवळची नातलग) हे सगळं रोजचं आहे. अडचण वेगळीच आहे. 'कार्ने' म्हणजे तिथे मुख्यतः गाय-डुकराचं मांस. "कार्ने नको" म्हटलं तर कोंबडीचा रस्सा पुढे येऊ शकतो, आणि देणाऱ्या बाईंनी तुमचं ऐकलेलंच असतं. म्हणून कोंबडी, मासे, रस्सा आणि 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी, ही चारही नावं घेऊन सांगा. घेवड्यात आणि तामालच्या पिठात चरबी असू शकते. शाळेला आधीच कळवलंत तर तसं घर शोधून देतात. जैन जेवण पाळणाऱ्यांना आणि दूध-अंडीही न खाणाऱ्यांना जास्त तयारी लागेल.

मागावर किंवा चुलीजवळ बसून भाषा खरंच येते का, की तो नुसता विरंगुळा?

येते, आणि कशी येते हे सांगायलाच हे पान लिहायला घेतलं. स्पॅनिशमध्ये 'उस्तेद'ला आज्ञा करताना क्रियापदाचं जे रूप लागतं, ते पाठ्यपुस्तकात फार उशिरा येतं. मागावर ते पहिल्याच दुपारी कानावर पडतं. 'हाले', ओढा. 'आफ्लोखे', सैल सोडा. 'क्वेन्ते', मोजा. 'एस्पेरे', थांबा. चुलीजवळ तर 'एचेले साल', मीठ घाला, 'नो से प्रेओकुपे', काळजी करू नका. हात चालू असतो, चुकलं की धागा लगेच दाखवून देतो, आणि तो शब्द त्या हालचालीला चिकटून राहतो. नंतर वर्गात शिक्षक तेच रूप फळ्यावर लिहितात तेव्हा नियम नव्याने शिकावा लागत नाही, ओळखीच्या गोष्टीला नाव मिळतं.

शिवाय गप्पा. समोरासमोर बसून "आता बोला" म्हटलं की दोन्हीकडे शब्द आटतात. शेंगा सोलताना किंवा सूत गुंडाळताना गप्प बसलं तरी चालतं, म्हणूनच बोलणं सुरू होतं. दोघींचीही ती दुसरी भाषा असते, त्यामुळे शब्द अडला तर शोधण्याचं काम दोघी मिळून करतात.

मात्र नुसत्या हस्तकलेने भूतकाळाची रूपं येत नाहीत. सकाळचा वर्ग आणि संध्याकाळचा अभ्यास टाळून दोन्ही वेळ मागावर बसणाऱ्यांची गाडी सोप्या वाक्यांवरच अडते.

खर्च किती येतो?

वीस तासांचं एकास-एक शिक्षण आणि कुटुंबात राहणं-जेवण मिळून आठवड्याला साधारण २०० ते ३०० डॉलर धरून चाला. शाळेप्रमाणे कमी-जास्त होईल. विणकाम-स्वयंपाकाची फी आणि सूत वेगळं. चलन केत्साल. छोट्या दुकानांत आणि होड्यांवर रोखच चालते. विमानाचं भाडं हा सगळ्यात मोठा खर्च, म्हणून एका आठवड्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका. किमान चार आठवडे काढा.

व्हिसा आणि हंगाम?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. दूतावास नवी दिल्लीत आहे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांसाठीचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाला विचारा. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर विमानतळाबाहेर न पडताही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरू नका. पाऊस मे ते ऑक्टोबर, कोरडे दिवस नोव्हेंबर ते एप्रिल. पावसात सकाळी ऊन आणि दुपारी सर असा क्रम असतो. वर्षभर रात्री गार असतात.

घरात वागायचं कसं?

जेवण झालं की उठताना सगळ्यांना 'ग्रासियास' म्हणा. उत्तर येतं, 'बुएन प्रोवेचो'. "फीहेसे के…" अशी वाक्याची सुरुवात ऐकलीत की पुढे अडचणीची बातमी आहे असं समजा. पाणी गेलंय, होडी सुटलीय, आज ताई येणार नाहीत. नकार असा हळुवार देण्याची तिथली रीत आहे. तुम्हीही तीच वापरा.

युद्धाबद्दल स्वतःहून विचारू नका. ग्वाटेमालातलं यादवी युद्ध १९६० ते १९९६ चाललं आणि मारले गेलेल्यांत बहुसंख्य माया होते. तळ्यापलीकडच्या सान्तियागो आतित्लानमध्ये २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने निःशस्त्र गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर गावाने एकजुटीने लष्कराला तिथून हलायला लावलं. ज्यांनी हे पाहिलं ती माणसं आज आजी-आजोबा आहेत. त्यांनी सांगितलं तर ऐका, मध्ये प्रश्नांची सरबत्ती नको.

एखाद्या रविवारी आपला स्वयंपाक करून घाला, फार कौतुक होतं. वेलदोडा ग्वाटेमालातून प्रचंड प्रमाणात निर्यात होतो, पण तिथल्या स्वयंपाकघरांत तो फारसा वापरत नाहीत. त्यांच्याच देशात पिकणाऱ्या वेलदोड्याची खीर त्यांना खिलवण्यात वेगळाच आनंद आहे. तिखटाच्या बाबतीत सांभाळून. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली खरी, पण आपण ती त्यांच्यापेक्षा सढळ हाताने घालतो. तळ्याकाठी तिखट चटणी वेगळी वाढतात.

शिकलेली नक्षी मी माझ्या व्यवसायात वापरू शकते का?

शिकवणाऱ्या बाईंना आधी विचारा आणि त्या नाही म्हणाल्या तर वापरू नका. ग्वाटेमालातल्या माया विणकरणी आपल्या नक्षीकामावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळावा म्हणून लढत आहेत. २०१६ मध्ये त्यांनी देशाच्या घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. कंपन्या ग्विपिलची नक्षी यंत्रावर छापतात, त्याच बायकांना बाजारात निम्म्या भावाने मागणी येते. फोटो काढून इथल्या कारागिराकडून नक्कल करून घेणं हाही त्यातलाच प्रकार. तयार कापड त्यांच्याकडून योग्य भावाने विकत घ्या आणि विणकरणीच्या संमतीने तिच्या गावाचं नाव लावून विका, हा रस्ता खुला आहे.

प्रमाणपत्र मिळतं का?

शाळा आपलं प्रमाणपत्र देतात. नोकरी-शिक्षणासाठी 'देले' परीक्षा लागते. ती स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेची, तिचं केंद्र नवी दिल्लीत आहे. गावातल्या शिक्षकांना सांगितलंत तर त्या परीक्षेची तयारी करून घेतात.

एकट्या बाईने जाणं सुरक्षित आहे का?

गावात आणि कुटुंबात, हो. दोन गावांमधल्या डोंगरवाटांवर लुटीचे प्रकार होतात, तिथे स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. अंधार पडल्यावर होडीने प्रवास टाळा.

बरोबर काय न्यावं?

लोकरीचा स्वेटर, पावसाळी जाकीट, चढ-उताराला चांगली पायताणं, पोटाची औषधं आणि पाणी गाळायची बाटली. नळाचं पाणी पिऊ नका. दमा असेल तर घर निवडतानाच विचारा की चूल धुराड्याची आहे की उघडी, कारण अनेक घरांत अजून लाकडावरच शिजतं. जाड वही न्या, आखलेली. ताण्याचे धागे आणि नक्षीचे टाके चौकटीत मांडून ठेवायचे तर चौकोनांची वही त्याहून सोयीची. सूत मात्र इथून नेऊ नका, सान हुआनमध्येच घ्या.